आज हवा नाही

परवा डिसेंबरातल्या एका संध्याकाळी गंगापूर रोडच्या आमच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा होतो. पलीकडच्या गॅलरीतले शेजारी स्वेटर, कानटोपी, हातात कॉफी अशा जय्यत तयारीनिशी निसर्गाचा आस्वाद घेत होते. आकाश राखेनं घासलेल्या परातीसारखं लख्ख. "वा!" ते म्हणाले, "काय चांदण्या लुकलुकतायत बघा!" आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "लुकलुकतायत? मग वाटोळंच झालं म्हणायचं!"

तेव्हापासून ते गृहस्थ माझ्याकडे जरा जपूनच बघतात. त्यांची काही चूक नाही. त्यांनी खैरनार अप्पा पाहिलेले नाहीत. मी मात्र नाशिक रोडला, जेल रोडच्या आमच्या जुन्या सोसायटीत, अप्पांच्या डोक्यावर एक मजला अशी बरीच वर्षं काढली. त्या बिल्डिंगमधल्या कुणालाही विचारा, गायकवाड अतिशयोक्ती करतो का? सगळे एकमुखानं सांगतील की तो दुसरं काही करतच नाही. पण अप्पांच्या बाबतीत मला ती करावी लागली नाही. तिथे देवानंच आधी करून ठेवली होती.

अप्पा मूळचे सटाण्याकडचे. नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये, तीही तपासणीची. छापून आलेले कागद डोळ्यांखालून घालायचे आणि एखादी रेघ केसाच्या निम्म्यानं सरकली असेल तर तो कागद बाजूला काढायचा. हजार चांगल्यांतला एक वाईट शोधायचा, ह्यात उभा जन्म गेला. त्यामुळे माणूस निवृत्त झाला तरी डोळे कामावर जातच राहिले. खिशात पेनाच्या जागी भिंग. ताटात पोळी पडली की आधी ती उजेडासमोर धरायची. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर गणपतीकडे दोन मिनिटं भिंगातून बघून म्हणाले, "गायकवाड, ह्याच्या सोंडेतला गुलाबी रंग डावीकडं सरकलाय. परत करा."

"अप्पा, आठशे छापल्यात!"

"मग आठशे परत करा."

कमलताईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, चहाचा कप माझ्यापुढे ठेवत नुसता सुस्कारा सोडला. "काय सांगू व माय! आमच्या लग्नातल्या फोटोत ह्यांनी माझी टिकली नाकाच्या रेषेत नाही म्हणून फोटोग्राफरला परत धाडलं होतं. मला नाही धाडलं हेच नशीब."

असा माणूस निवृत्तीनंतर दुर्बिणीच्या नादाला लागला. म्हणजे दुर्बिणीचंच नशीब फुटलं.

दुर्बीण चांगली कळशीएवढ्या तोंडाची. तिच्या मागच्या भोकात एक चिमुकला कॅमेरा बसवायचा, कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला, आणि गच्चीवरून गुरू-शनीचे फोटो काढायचे. माझी अशी समजूत होती की दुर्बीण मोठी की चित्र मोठं, संपला विषय. एकदा अप्पांसमोर मी तसं बोललोही. त्या दिवशी माझं दूध नासलं, कारण ते घेऊन मी जिन्यात उभा होतो आणि उत्तर संपेपर्यंत हललो नाही.

"रामकुंडात कधी वाकून बघितलंय?" अप्पांनी विचारलं. "तळाशी नाणं पडलेलं असतं. पाणी हललं की नाणं नाचतं. नाचतं कोण? नाणं की पाणी?"

"पाणी."

"झालं तर. आपण सगळे कुंडाच्या तळाशी उभे आहोत, गायकवाड. आपल्या डोक्यावर मैलोन् मैल हवेचं पाणी आहे. खालची हवा गरम, वरची गार, मध्ये वारा. ते सगळं हलतंय. शनी आपला बिचारा एका जागी बसलाय. त्याचा थरथराट आपल्याकडं होतो. तुम्ही घागरीएवढी दुर्बीण घ्या नाहीतर विहिरीएवढी घ्या. मोठी दुर्बीण म्हणजे मोठा थरथराट!"

म्हणून अप्पा ताऱ्यांबद्दल कधी बोलत नसत. तारे काय, आहेतच तिथं, ते कुठं जाणार आहेत? अप्पा बोलायचे हवेबद्दल. सकाळी भेटले की "काल हवा कशी होती" हे आपल्याला सांगणार. आमच्याकडची कामवाली त्यांना प्रदूषणवाले समजायची आणि झाडू मारताना त्यांच्यासमोर धूळ उडू नये म्हणून जपायची.

त्यांच्या हवेचा हिशेबही जगाच्या उलटा. थंडीत, आकाश स्वच्छ धुतल्यासारखं, चांदण्या अशा चमचमतायत की वेचून खिशात घालाव्यात, की अप्पांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. लुकलुकणं म्हणजे हवेची खळबळ. वर उंचावर थंडीत वाऱ्याची नदी वाहते म्हणे, ती सगळी रेघ न् रेघ पुसून नेते. उलट एप्रिल-मेमध्ये, पानसुद्धा हलत नाही, आभाळ धुळीनं मळकट, बनियन पाठीला चिकटलेलं, सगळी बिल्डिंग घामाच्या नावानं शंख करतेय, अशा वेळी जिन्यातून शीळ घालत कोण चाललंय? अप्पा! "काय सुंदर हवा पडलीय!" एकदा अशाच उकाड्यात लाइट गेलेली असताना ते हे वाक्य बोलले आणि पहिल्या मजल्यावरून कुणीतरी चप्पल फेकली. अंधार होता म्हणून कोण ते कळलं नाही. अंधार होता म्हणूनच लागलीही नाही.

आमचे सेक्रेटरी शेखसाहेब. हेही प्रेसमधलेच, अप्पांचे जुने दोस्त. एका जानेवारीत त्यांच्या मुलीच्या सासरची मंडळी मालेगावहून आली. जेवण झालं, शेखसाहेबांना वाटलं, आपल्या बिल्डिंगमध्ये एवढी दुर्बीण आहे, व्याह्यांवर जरा छाप पडेल. सगळा लवाजमा घेऊन अप्पांच्या दारात.

"अप्पा, मेहमान आलेत यार. जरा गुरूबिरू दाखवा ना."

अप्पांनी दार उघडं ठेवून जिन्याच्या खिडकीतून वर पाहिलं. "आज हवा नाही."

"अहो, आसमान बघा! एक ढग नाही!"

"तेच तर. चहा घ्या."

दहा माणसं चहा पिऊन, एकही ग्रह न बघता परत गेली. शेखसाहेब मला म्हणाले, "गायकवाड, व्याही विचारत होते, हे चहाचं दुकान आहे का?"

त्यांना वाटलं अप्पा खडूस आहेत. तसं नव्हतं. वाईट हवेतला गुरू पाहुण्यांना दाखवणं म्हणजे अप्पांच्या लेखी शाई फिसकटलेली नोट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवणं. जन्मभर जे केलं नाही ते आता फुकटात कसं करणार? म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये दुर्बीण येऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्यातून काही पाहिलेला माणूस सापडत नव्हता.

फोटो मात्र निघायचे. कसे, ते ऐकण्यासारखं आहे. अप्पा नुसता फोटो काढत नसत, व्हिडिओ घ्यायचे. एका बैठकीत हजारो चित्रं. त्यातली बहुतेक सगळी हवेनं फिसकटलेली. पण मध्येच कधीतरी हवा डोळ्याचं पातं लवेल इतकी थांबते आणि एखादं चित्र नितळ येतं. अशी नितळ चित्रं निवडायची आणि एकावर एक रचून एक करायची. निवडायला संगणक आहे. पण अप्पांचा संगणकावर विश्वास नव्हता. पूर्वी हजारातला एक वाईट काढत होते, आता हजारातला एक चांगला वेचत बसले. नोकरी तीच, फक्त उलटी टांगलेली. चित्र तयार झालं की आम्हाला दाखवायचे. आम्हाला एक वाटोळा, पट्ट्यापट्ट्यांचा सुंदर गुरू दिसायचा. आम्ही वा वा म्हणायचो. अप्पा म्हणायचे, "डावीकडची कड बघा. फोडणी दिसतेय."

खरंच फोडणी म्हणायचे. गच्चीच्या कठड्याखाली चार मजल्यांची स्वयंपाकघरं. संध्याकाळी सगळ्या खिडक्यांतून गरम हवा वर चढायची, ती सरळ गुरूच्या तोंडावर. अप्पा लॅपटॉपवर थरथराट बघून कोण काय शिजवतंय ते सांगत. बारीक थरथर म्हणजे पोळ्या. मोठे हेलकावे म्हणजे कुकर. एकदा गुरू अख्खाच डावीकडे वाकला, तर म्हणाले, "शेखसाहेबांकडं आज बिर्याणी आहे." आणि होती. मी खाऊन आलो.

मग अप्पांना शीतळा सप्तमीचा शोध लागला. अप्पा तसे देवधर्मात नसलेले. सत्यनारायणाच्या पूजेत प्रसादापुरते. पण त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड जेवायचं, हे कमलताईंच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना साक्षात्कार झाला. "म्हणजे अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकही गॅस नाही?"

"नाही."

"कधी असते?"

"श्रावणात."

अप्पांनी कपाळावर हात मारला. श्रावणात नाशिकला आभाळ म्हणजे ओली गोधडी. मग कुणीतरी सांगितलं, की पहिल्या मजल्यावरच्या मारवाडी कुटुंबात हाच सण होळीनंतर करतात. झालं! अप्पा दारोदार फिरले. सण श्रावणातून होळीनंतर कसा सरकवावा, ह्यावर त्यांनी बायकांना असं काही पटवायला घेतलं की कमलताईंनी त्यांना हाताला धरून घरात आणलं. "सण का तुमच्या दुर्बिणीचा स्क्रू आहे, इकडंतिकडं फिरवायला?"

सगळ्यांत मोठा शत्रू मात्र स्वयंपाकघर नव्हे, गच्चीच. नाशिकचं उन्हाळ्यातलं ऊन स्लॅब दिवसभर पितो आणि पहाटेपर्यंत ओकत बसतो. दुर्बीण त्या वाफेत उभी. आता आमच्या तिथल्या शेवटच्या वर्षी शनी पहाटे डोक्यावर यायचा, आणि उन्हाळ्यातल्या पहाटेची हवा म्हणजे अप्पांच्या मते वर्षातली सर्वांत शहाणी हवा. मध्ये फक्त हा तापलेला स्लॅब. अप्पांनी उपाय काढला. रोज दिवे लागायच्या सुमाराला गच्चीवर जायचं, टाकीच्या नळाला पाइप लावायचा आणि स्लॅबला आंघोळ घालायची. चांगली, सणासुदीसारखी. स्लॅब निवला की शनी स्थिर.

आणि एप्रिलच्या ऐन मध्यावर, आभाळात ढगाचा बोळासुद्धा नसताना, चौथ्या मजल्यावर पगारे सिस्टरांचं छत गळू लागलं.

पगारे सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. एकट्या राहायच्या. चौथ्या मजल्यावरून त्यांनी नुसतं "कोण आहे रे तिथं?" म्हटलं तर तळमजल्यावरचा दूधवाला पिशवी सावरून उभा राहायचा. त्यांच्या पलंगावर, बरोबर उशीच्या जागी, टप् टप्. प्लंबर आला, म्हणाला पाइप ठीक आहे. दुसरा आला, म्हणाला टाकी ठीक आहे. तिसऱ्यानं भिंतीला कान लावला आणि पैसे न घेताच गेला. कुणी म्हणालं वास्तुदोष. सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच वास्तूतून निघून गेला.

शेवटी सोसायटीची मीटिंग भरली. शेखसाहेबांनी उपाय मांडला, की गळतीचं मूळ सापडत नाही तर सगळ्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकून मोकळं व्हावं. पावसाळ्याची चिंता मिटेल. लोकांना कल्पना आवडलीच. शेड झाली की हळदी करता येतील, बारशी होतील, कपडे वाळतील. पत्रेवाल्याशी बोलणंही झालं होतं. मृग लागायच्या आत काम पुरं.

मी अप्पांकडे बघत होतो. गच्चीवर पत्रा म्हणजे अप्पांच्या आकाशाला झाकण. ह्या वयात दुर्बीण उचलून ते कुठे नेणार? बोलावं तर गळती आपल्यामुळे हे कबूल करायचं. न बोलावं तर पत्रा. अप्पांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा, मग त्यांनी खिशातलं भिंग काढून पुसलं, परत ठेवलं आणि उभे राहिले.

"पाणी माझं आहे," ते म्हणाले.

आणि मग, एवढ्यावर थांबायचं सोडून, त्यांनी रामकुंडातल्या नाण्यापासून सुरुवात केली. स्लॅब कसा तापतो, वाफा कशा चढतात, शनीच्या कड्यांमधली काळी फट कशी पुसली जाते, आणि म्हणून रोज संध्याकाळी पाइप.  सिस्टर शांतपणे शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझ्या उशीवर जे गळत होतं ते शनीसाठी?"

"एका अर्थी हो."

"माझी मकर रास. साडेसाती चालू आहे असं बहीण सांगत होती, मी तिला हसले. मला काय माहीत तो स्लॅबमधून येणार!"

सभा पंधरा मिनिटं हसत होती. एकट्या सिस्टर हसत नव्हत्या, आणि अप्पा. हसू ओसरल्यावर शेखसाहेब म्हणाले, "पाणी बंद झालं तर गळती बंद. पण शेड हवी म्हणणारेही बरेच आहेत. माझं म्हणणं, ज्यांच्या डोक्यावर गळलं त्यांचा शब्द शेवटचा. सिस्टर, तुम्ही सांगा. पत्रा टाकायचा का नाही?"

सिस्टरांनी अप्पांना आपादमस्तक न्याहाळलं, वॉर्डात नवा पेशंट आल्यावर न्याहाळावं तसं. "मला दाखवा," त्या म्हणाल्या. "ज्याच्यापायी माझी गादी भिजली तो शनी मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. फोटो नको. बघण्यासारखा असला तर पत्रा नको. नसला तर पत्रा. मृगापर्यंत मुदत. आणि पाण्याचा थेंबही टाकायचा नाही."

"कबूल," अप्पा म्हणाले.

 आम्हाला वाटलं, झालं, उद्या पहाटे दाखवतील. कसा का असेना, शनीला कडं असतं. कडं दिसलं की माणूस गार. पण आम्ही अप्पांना विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिस्टर तयार होऊन जिन्यात. अप्पा वरून खाली येताना म्हणाले, "आज हवा नाही."

तिसऱ्या दिवशी, "आज हवा नाही." चौथ्या दिवशी, "होती, पण गेली."

आठवडा गेला. पंधरवडा गेला. पाणी बंद, त्यामुळे स्लॅब भट्टीसारखा. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. "अप्पा, त्यांना काय कळतंय? थोडा थरथरला तरी चालेल. कडं दिसल्याशी कारण!"

"लिबलिबीत शनी दाखवू? त्यांनी माझ्यापायी गादी वाळत घातली, आणि मी त्यांना पाण्यातून बघितल्यासारखा शनी दाखवू?"

"मग पत्रा पडेल."

"पडू दे."

कमलताई आतून आल्या त्या लाटणं घेऊनच. "पडू दे? काय करी ऱ्हायनात तुम्ही? पत्रा पडला म्हणजे तुम्ही दिवसभर घरात. माझा विचार केला का कुणी?"

मग युक्ती काढली ती अप्पांनीच, पण अशी की बायकांना ती आपल्याच सोयीची वाटली. मे महिना, म्हणजे वाळवणाचे दिवस. अप्पा दारोदार जाऊन सांगू लागले, की ह्या वर्षी भरपूर कुरडया घाला. पापड घाला, सांडगे घाला, शेवया घाला. गच्ची तुमचीच आहे. फक्त खाली पांढरं धोतर किंवा जुनी पांढरी चादर अंथरा, रंगीत नको, आणि कोपरान् कोपरा झाका. पांढऱ्या कापडावर ऊन पडलं की ते परत फिरतं, स्लॅबपर्यंत पोचत नाही, हे त्यांनी बायकांना सांगितलं नाही. त्या वर्षी आमच्या गच्चीवर तसूभर सिमेंट दिसत नव्हतं. वरून विमानातून कुणी पाहिलं असतं तर नाशिक रोडला बर्फ पडलाय म्हणून बातमी झाली असती. कुरडया एवढ्या झाल्या की आमच्याकडे त्या अजून संपलेल्या नाहीत. गंगापूर रोडला येताना एक टेम्पो फक्त कुरडयांचा होता.

संध्याकाळी अप्पा स्वतः चादरी झटकून, घड्या घालून घरोघर पोचवायचे. पहाटे दुर्बीण निवायला काढून ठेवायचे. आणि जिन्यात येऊन म्हणायचे, "आज हवा नाही."

 सिस्टर मात्र रोज पहाटे तयार होऊन दार उघडून बसायच्या. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला कंटाळा नाही येत?" त्या म्हणाल्या, "रोज नाही म्हणणारा डॉक्टर एक तर टाळणारा असतो, नाहीतर खरा असतो. कुठला ते बघायचंय."

जून उजाडला. वळवाचे ढग रोज दुपारी गोळा व्हायचे आणि धमकावून जायचे. पत्रेवाला माप घेऊन गेला. लोखंडी खांब येऊन खाली पार्किंगमध्ये पडले. येता-जाता अप्पा त्यांच्याकडे बघायचे नाहीत, फक्त त्या बाजूनं जाणं त्यांनी सोडलं होतं.

आणि मृगाच्या अगदी तोंडावर एक पहाट अशी आली, की काय सांगू! उकाडा असा की डास उडायला नकार देत होते. समोरच्या अशोकाचं एक पान हलेल तर शपथ. आभाळ धुरकट, चांदण्या चार-दोनच, त्याही मेंगळट. मी घामानं जागा होऊन दारात येऊन बसलो होतो, तेवढ्यात गच्चीच्या जिन्यातून अप्पा धावत खाली आले. सत्तरीचा माणूस, गुडघ्याला पट्टा, पण धावत. चौथ्या मजल्यावर कडी वाजली.

"सिस्टर! चला. हवा आलीय."

मीही गेलो. शेखसाहेब फजरच्या नमाजासाठी उठलेलेच होते, तेही आले. गच्चीवर दक्षिणेला शनी, डोळा वटारून बघावं तसा, एकदम स्थिर. अप्पांनी आम्हाला दोघांना थेट कठड्यापाशी उभं केलं. "अंगाची ऊब असते. जवळ यायचं नाही." सिस्टरांच्या हातात चहाचा पेला होता, त्यातून वाफ निघत होती. एवढ्या करारी बाईच्या हातातून तो पेला अप्पांनी नुसता काढून घेतला आणि मला दिला. 

दुर्बिणीच्या मागच्या भोकात कॅमेरा लावलेला होता. लॅपटॉप चालू होता. पडद्यावर शनी. मी लांबून पाहिला आणि पेल्यातला चहा प्यायचा विसरलो, म्हणजे बघा. हलतच नव्हता. कुणीतरी काळ्या मखमलीवर चिकटवून ठेवावा तसा. कडं, कड्यातली ती केसाएवढी काळी रेघ, कड्याची ग्रहावर पडलेली सावली, सगळं कोरून काढल्यासारखं. इतक्या वर्षांत अप्पांच्या एकाही फोटोत ती रेघ अशी सलग आली नव्हती.

अप्पांचा हात बटणावर होता. रेकॉर्डिंग सुरू करायचं फक्त. त्यांनी पूर्वेकडे बघितलं. उजाडायला लागलं होतं. शनीकडे बघितलं. सिस्टरांकडे बघितलं. आधी हजारो चित्रं घेत बसावं तर तोवर हवा गेली असती. कॅमेरा काढला तर तो पुन्हा बसवून, जुळवून, नेम धरेपर्यंत सूर्य वर येणार. आणि अशी हवा परत कधी? कदाचित ह्या जन्मात नाही. एका भोकात एकच काय ते बसतं, कॅमेरा नाहीतर डोळा.

"अप्पा, पहले फोटो ले लो," शेखसाहेब हळूच म्हणाले.

अप्पांनी कॅमेरा काढला, खिशात टाकला, भोकात डोळा लावायची काच बसवली आणि बाजूला झाले. "या, सिस्टर."

सिस्टर वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या.

अप्पा पार टाकीपर्यंत मागे गेले, स्वतःची ऊब लागू नये म्हणून. दोन्ही हात पाठीशी. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे.

सिस्टर डोळा न हटवता बोलल्या. "खोटा वाटतो."

अप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे?"

"कुणी कागदावर काढून आत लावल्यासारखा. इतका नीट." मग म्हणाल्या, "शेखसाहेब, ते खांब परत पाठवा."

शेखसाहेबांनी मला कोपरानं एवढ्या जोरात ढोसलं की चहा माझ्या बनियनवर.

सिस्टर सरळ झाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी टाकीकडे पाहिलं. "अप्पा, तुम्ही ह्याच्यात नुसत्या डोळ्यानं कधी बघितलंय?"

अप्पा जरा चाचरले. "मी... कॅमेरा असतो ना. लॅपटॉपवर दिसतं."

"मी विचारलं, डोळ्यानं."

"तुम्ही बघा, सिस्टर. आता उजाडेल. मी तिथं आलो की हवा हलेल."

"हलू दे. या इकडं." हा आवाज चाळीस खाटांच्या वॉर्डात इंजेक्शन नको म्हणणाऱ्यांना ऐकू यायचा तो होता. अप्पा आले. "वाका."

अप्पा वाकले.

मी तयारीत होतो. आता हे म्हणणार, डावीकडची कड बघा. आता म्हणणार, दुसऱ्या मजल्यावर दूध तापवताहेत. काहीच नाही. सिस्टर माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन खाली गेल्या. शेखसाहेब नमाजाला गेले. पूर्वेला जेल रोडच्या झाडांवर तांबडं फुटलं, कावळे बोलू लागले, खालून कमलताईंनी दोनदा हाक मारली. सूर्य वर आला. कोवळं ऊन आधी टाकीवर, मग दुर्बिणीवर, मग अप्पांच्या टकलावर आलं. एवढ्या उजेडात शनी केव्हाच विरून गेला असणार. भोकातून आता नुसतं निळं आभाळ दिसत असणार. त्याच महिन्यात आम्ही घर बदललं, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे अप्पा येतात ते असेच. पाठीवर ऊन घेऊन, एक डोळा मिटून, वाकलेले.